ग्वो होंग: नागानोची गोलकीपर आणि चीनचं तीनदा हुकलेलं कांस्य

हिमकण (धागाकर्ता)

महिला आइस हॉकी म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, बाकीचे नुसते हजेरी लावायला, असं सरसकट बोललं जातं. बरंचसं खरंही आहे. १९९० पासून जागतिक स्पर्धेचं सुवर्ण या दोन देशांबाहेर गेलेलंच नाही. पण नव्वदच्या दशकात या दोघींच्या पाठोपाठ फिनलंडशी तिसऱ्या जागेसाठी झुंजायचा तो चीनचा संघ. आज हे सांगितलं तर हॉकीवेड्या माणसालाही पटकन खरं वाटत नाही. त्या संघाच्या गोलमध्ये जी बाई उभी असायची तिच्यावर हा धागा.

ग्वो होंग. जन्म १९७३, हार्बिन. चीनच्या ईशान्य टोकाला हेइलोंगच्यांग नावाचा प्रांत आहे, त्याची ही राजधानी. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली. चीनमधली आइस हॉकी म्हणजे मुख्यतः हे शहर आणि त्याच प्रांतातलं चीचीहार. देश एवढा अवाढव्य, पण राष्ट्रीय संघ व्यवहारात एका प्रांताचाच. गंमत म्हणजे त्यामुळे काही काळ फायदाच झाला. मुली वर्षभर एकत्र, सराव एकत्र, बर्फ घरच्या अंगणात.

आता निकाल बघा. १९९२ ला फिनलंडमधल्या तांपेरेला जागतिक स्पर्धा झाली, चीन पाचवा. १९९४, अमेरिकेतलं लेक प्लॅसिड: चौथा. कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडकडून १-८ असा सपाटून मार. १९९७, कॅनडातलं किचनर: पुन्हा चौथा, पुन्हा फिनलंड, पण या वेळी ०-३. या चौथ्या क्रमांकावर चीनला नागानोचं तिकीट मिळालं.

१९९८ चं जपानमधलं नागानो हे महिला आइस हॉकीचं पहिलं ऑलिंपिक. सहाच संघ, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. कॅनडानं सलामीच्या सामन्यात जपानला १३-० असं धुतलं. पुढचा नंबर चीनचा. हेली विकनहायझर, डॅनियल गोयेट, जेराल्डिन हीनी अशी एकाहून एक नावं समोर, आणि साठ मिनिटांनी फलकावर आकडा होता २-०. दोन! परदेशी वार्ताहरांनी ग्वो होंगला 'चीनची भिंत' म्हणायला सुरुवात केली ती याच काळात. अमेरिकेनं पुढे पाच गोल केले, फिनलंडनं सहा. पण चीननं स्वीडनला ३-१ आणि जपानला ६-१ हरवलं आणि पहिल्या चारांत जागा मिळवली. १७ फेब्रुवारीला कांस्यपदकाचा सामना. समोर कोण? फिनलंड. त्यांची रिइका निएमिनेन त्या स्पर्धेत सुसाट सुटली होती. निकाल ४-१. चार वर्षांत तिसऱ्यांदा तोच शेजार आणि तीच चौथी पायरी.

२००२ ला सॉल्ट लेक सिटीत ग्वो होंग पुन्हा संघात होती. या वेळी संघ आठ. अमेरिकेकडून १-१२, जर्मनीशी ५-५ बरोबरी, शेवटी कझाकस्तानला जादा वेळेत २-१ हरवून सातवा क्रमांक. चार वर्षांत किती फरक पडला बघा. पुढे २००६ ला चीन पात्रच ठरला नाही.

माझं मत रोखठोक सांगतो. चौथा क्रमांक चीनच्या संघाचा जेवढा होता त्याहून जास्त गोलकीपरचा होता. वरच्या अधिकाऱ्यांनी मात्र तो संघाचा धरला. गोलकीपर चांगली असली की मागची सगळी पोकळी झाकली जाते. पोकळी झाकलेली आहे हे कळेपर्यंत गोलकीपर निवृत्तीला आलेली असते.

पटतंय का? भांडायला मोकळीक आहे.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

वाचतोय. अज्ञान माझं, पण विचारतो. गोलकीपरचं एवढं काय? फुटबॉलमध्येही असतोच की. एक माणूस आख्खा संघ चौथ्या नंबरवर नेईल हे जरा जास्त वाटतंय.

बर्फातली_मावशी

प्रेक्षक, या प्रश्नासाठीच मी इतकी वर्षं इथे नुसती वाचत बसले होते बहुतेक. :)

मी कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला असते. लेक मुलींच्या लीगमध्ये गोलकीपर आहे. आम्हा दोघांनाही या खेळाचा गंध नव्हता, तिनं मैत्रिणीचं बघून हट्ट धरला आणि आमच्या शनिवार-रविवारची वाट लागली. पहाटे साडेपाचला रिंकवर. बाकीच्या पोरी दहा मिनिटांत तयार होतात. गोलकीपरचं तसं नाही. आधी गुडघ्याचे पॅड, मग जाड चड्डी, मग स्केट, मग जमिनीवर पालथं पडून पायाचे मोठे पॅड आवळायचे. छातीचं चिलखत त्यानंतर, कारण ते एकदा चढवलं की खाली वाकून स्केटची नाडी बांधता येत नाही. एकदा आम्ही उलट क्रमानं केलं आणि मला रबरी फरशीवर गुडघे टेकून तिच्या नाड्या आवळाव्या लागल्या, बाहेर शिट्टी वाजायला लागली होती. सामना संपला की ती पांढऱ्या पॅडवरचे पकचे काळे ओरखडे मोजते. जेवढे ओरखडे जास्त तेवढी खूश.

आता मूळ मुद्दा. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. पक म्हणजे टणक रबराची साधारण १७० ग्रॅमची चकती, फुटबॉलसारखी येताना दिसत नाही. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत गोलवर नेमके फटके किती? चार, पाच, आठ. इथे दुबळ्या संघाच्या गोलकीपरवर साठ मिनिटांत चाळीस-पन्नास येणं हे काही नवल नाही. आणि फटका अडवला म्हणजे काम संपलं असं नाही. पक पॅडवर आपटून समोर पडला की दुसरी बाई काठी घेऊन टपलेलीच असते. चांगली गोलकीपर पक अंगाखाली दाबते किंवा कोपऱ्याकडे ढकलते. हे न जमणारी गोलकीपर पहिला फटका अडवते आणि दुसऱ्यावर गोल खाते. कॅनडाला दोनवर रोखायचं तर हे सगळं साठ मिनिटं न चुकता करावं लागतं. तेव्हा हिमकण म्हणतात त्यात तथ्य आहे.

द्रविडभक्त

भिंत म्हटल्यावर मी यायलाच हवं होतं.

आळशी_कासव

आलात का! कुठल्याही धाग्यावर 'भिंत' शब्द टाकला की दोन प्रतिसादांत हजर.

द्रविडभक्त

हाहा. पण गंभीरपणे. द्रविडच्या हातात एक गोष्ट होती, बाहेरचा चेंडू सोडून द्यायची. गोलकीपरला सोडून देण्याची सोयच नाही. वरून तो आउट झाला की लक्ष्मण असायचा. हिच्यामागे फक्त जाळं. त्यामुळे तुलना करणार नाही, फक्त नमस्कार करून जातो.

आकडेमोड

लेख आवडला, निष्कर्ष नाही आवडला.

पहिलं, नागानोचं चौथं म्हणजे सहांतलं चौथं. पाचवा स्वीडन तेव्हा आजचा स्वीडन नव्हता आणि सहावा जपान यजमान म्हणून आत होता. जपाननं पाचही सामने गमावले, एकूण गोल दोन केले आणि पंचेचाळीस खाल्ले. तेव्हा 'जगात चौथे' याचा जरा बेतानंच गौरव करू.

दुसरं, गोलकीपर गोल अडवते, मारत नाही. स्वीडनला तीन आणि जपानला सहा गोल कुणी मारले? ल्यू होंगमेइसारख्या फॉरवर्ड त्या संघात होत्या. स्केटिंगचा वेग चांगला होता. स्वीडनचा सामना ०-० राहिला असता तर ग्वो होंग कितीही भारी असली तरी कांस्याचा सामना चीनच्या वाट्याला आला असता की नाही शंका आहे. एकाच बाईच्या खांद्यावर सगळं टाकलं की बाकीच्या वीस जणींवर अन्याय होतो.

तिसरं आणि महत्त्वाचं. चीन घसरला म्हणण्यापेक्षा चीन होता तिथेच राहिला आणि बाकीचे पुढे गेले. स्वीडन २००२ ला कांस्य, २००६ ला उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवून रौप्य. स्वित्झर्लंड २०१४ ला कांस्य. ज्या जपानची वर टिंगल केली तो २०१४ ला सोळा वर्षांनी परत आला, पुन्हा सगळे सामने हरला, २०१८ ला सहावा आला आणि २०२२ ला आपल्या गटात पहिला. याच काळात चीन २००६, २०१४, २०१८ या तिन्ही ऑलिंपिकला नव्हता.

हिमकण

आकडेमोड, तुमचा तिसरा मुद्दा मला खोडत नाही, उलट माझ्याच बाजूनं बोलतो. होते तिथेच का राहिले? कारण जे आहे ते पुरेसं आहे असं वाटलं. १-८, मग ०-३, मग १-४. आकड्यांवर नुसती नजर टाकणाऱ्याला वाटतं फिनलंडशी अंतर कमी होतंय, आणखी थोडं जोर लावला की पदक. प्रत्यक्षात फिनलंडकडे शाळेशाळेतून मुली येत होत्या आणि इकडे त्याच मुली चार वर्षांनी म्हाताऱ्या होत होत्या.

बाकीच्या वीस जणींवर अन्याय होतो हे म्हणणं मान्य नाही. स्वीडनविरुद्ध एकच गोल खाल्ला म्हणून तीन गोल पुरले.

आकडेमोड

आणि तीन मारले म्हणून एक खाणं परवडलं. आपण दोघं गोल गोल फिरतोय.

हार्बिनरिटर्न

अरे हा धागा दिसलाच कसा नाही मला! मी एमबीबीएस हार्बिनला केलं. आमच्या तुकडीत मराठी पोरं-पोरी बऱ्याच होत्या, लातूर-नांदेडकडची जास्त. उन्हाळ्यात बेचाळीस अंश बघून आलेली मंडळी उणे पंचवीसमध्ये पहिल्या महिन्यात काय करतात ते विचारू नका. एकानं ओले केस घेऊन मेसपर्यंत जाऊन बघितलं, केस खडखड वाजत होते.

तिथे हिवाळ्यात शाळांच्या मैदानांवर बर्फ करतात. म्हणजे पडलेलं बर्फ नाही. मैदानाच्या कडेनं बांध घालतात आणि रात्री थंडी पडली की पाण्याचा पाइप घेऊन मैदानभर पातळ थर मारतात. तो गोठला की दुसरा थर. एकदम खूप पाणी सोडलं तर वरचा पापुद्रा गोठतो आणि खाली पोकळ राहतं, पाय ठेवला की तडकतं. म्हणून शिपाईमामा दर थोड्या वेळानं बाहेर येऊन पाणी मारून परत आत शेकोटीला. आठवडाभरात रिंक तयार. मग पीटीच्या तासाला सगळी शाळा स्केटवर. सोंगहुआ नदी गोठल्यावर तर तिच्यावरून सरळ पलीकडे चालत जायचो. तिथली पोरं बर्फावर मोठी होतात हो, त्यांना स्केटिंग 'शिकवावं' लागत नाही.

हिमकण, तुमचा मुद्दा मी तिथे राहून थोडा वेगळा बघितला. पोरी स्केटवर कमी नाहीत. पण तिथे खेळ ही क्रीडाशाळेची गोष्ट. लहानपणी निवड झाली की शाळा, वसतिगृह, सराव, सगळं सरकारचं. निवड नाही झाली तर आवड म्हणून आइस हॉकी खेळत राहण्याचा रस्ता फारसा नसायचा. आणि निवड झालेल्या पोरीचे आईबाप हिशेब करणारच, स्पीड स्केटिंगमध्ये एकटीला पदक, हॉकीत वीस जणी मिळून एक. प्रांतालाही तोच हिशेब. पदकतालिकेत हॉकीच्या आख्ख्या संघाचं पदक एकच मोजलं जातं. खर्च मात्र वीस जणींचा.

बर्फातली_मावशी

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. इकडे उलट आहे, खर्च आईबापांचा. गोलकीपरच्या पॅडचा जोड घ्यायचा तर घरात आधी सभा भरते. त्यामुळे कॅनडाच्या पद्धतीला देव मानायची गरज नाही, इथेही पैसेवाल्यांच्या पोरी पुढे जातात. पण एक गोष्ट आहे, वीसाव्या वर्षी कुठल्याही संघात निवड नाही झाली तरी रात्री दहाला बायकांच्या लीगमध्ये खेळता येतं. आमच्या रिंकवर साठीच्या बायका खेळतात.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

मग २०२२ चं काय? बीजिंगला तर यजमान होते. तेव्हा थोडं पाहिलं होतं, चिनी संघात चेहरे चिनी आणि मुलाखती अस्खलित इंग्रजीत!

बर्फातली_मावशी

त्याची मोठी कथा आहे. २०१७ ला चीननं दोन महिला संघ थेट कॅनडाच्या लीगमध्ये उतरवले, सीडब्ल्यूएचएलमध्ये. कुनलुन रेड स्टार आणि वान्के रेज़. आणि त्यांचं घरचं मैदान कुठे? शेनझेन! दक्षिणेला, हाँगकाँगला लागून, जिथे हिवाळ्यात स्वेटरही नावापुरता. हार्बिनचा खेळ उचलून एकदम तिकडे. इकडचे संघ सामन्यांसाठी एवढा प्रवास करून जायचे.

पहिल्याच वर्षी कुनलुन अंतिम सामन्यात पोचला, लीगच्या विजेतेपदाच्या क्लार्कसन करंडकासाठी मार्कम संघाकडून जादा वेळेत १-२ हरला. आणि हिमकण, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते: कुनलुनच्या गोलमध्ये तेव्हा कोण होतं? नोरा रॅटी. फिनलंडची!

हिमकण

हे मला माहीत होतं, मुद्दाम राखून ठेवलं होतं, तुम्ही फोडलंत. तीन वेळा ज्यांनी कांस्य हिसकावलं त्यांचीच गोलकीपर भाड्यानं आणावी लागली. माझ्या बाजूनं आणखी काय पुरावा हवा?

आकडेमोड

क्लबनं परदेशी खेळाडू आणणं याला पुरावा म्हणत असाल तर आयपीएलच्या निम्म्या संघांवर लेख लिहा.

पुढचं मी सांगतो. दुसऱ्या वर्षी दोन्ही संघांचा एक केला. २०१९ ला ती लीगच बंद पडली, मग संघ रशियाच्या महिला लीगमध्ये गेला आणि पहिल्याच मोसमात, २०१९-२० ला, विजेता ठरला. या सगळ्यामागे हेतू दोन. चिनी मुलींना दर आठवड्याला तगडे सामने मिळावेत हा एक. दुसरा, चिनी वंशाच्या उत्तर अमेरिकन खेळाडूंना चीनकडून खेळण्यासाठी लागणारा काळ चिनी क्लबमध्ये खेळून भरून काढता यावा. जेसिका वाँग हे त्यातलं मोठं नाव. नोव्हा स्कोशियाची, २०१३ च्या सीडब्ल्यूएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडायच्या फेरीत, पहिली निवड झालेली. बीजिंगला ती वांग युतिंग या नावानं खेळली. गोलमध्ये किम्बर्ली न्यूएल, प्रिन्स्टनची पदवीधर, चिनी नाव चोउ च्यायिंग.

आळशी_कासव

म्हणजे विकतचा संघ. विषय संपला.

बर्फातली_मावशी

कासव, इतक्या लवकर संपवू नका. यातल्या बऱ्याच जणींच्या आजी-आजोबांचं, आईचं गाव तिकडचं आहे. कॅनडाच्या पहिल्या फळीत जागा मिळणं किती अवघड ते मी रोज बघते. ज्यांना हॉकी हेच आयुष्य करायचंय आणि पगार देणारी लीग इकडे जवळपास नव्हतीच, त्यांना कुणी बोलावलं तर त्यांनी जाऊ नये? माझ्या लेकीला उद्या भारतानं बोलावलं तर मी बॅग भरायला घेईन.

आणि त्याची किंमतही मोजावी लागते. हॅना मिलर घ्या. बीजिंगला मी ले या नावानं चीनकडून खेळली. नंतर टोरांटोच्या व्यावसायिक संघात इतकी चांगली खेळली की २०२५ च्या जागतिक स्पर्धेसाठी कॅनडानं तिला निवडलं. आंतरराष्ट्रीय महासंघानं तिला अपात्र ठरवलं. आम्ही तिला टोरांटोला खेळताना पाहिलंय, लेकीच्या खोलीत तिचं पोस्टर आहे. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही धड.

आळशी_कासव

ठीक आहे, विषय चालू ठेवतो. पण निकाल काय लागला ते सांगा. एवढं करून पदक तर नाहीच.

आकडेमोड

नाहीच. पण निकाल वाईटही नव्हता. प्रशिक्षक ब्रायन आयडाल्स्की, आधी नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या महिला संघाचे. बीजिंगला चेकियाकडून १-३, डेन्मार्कवर ३-१, जपानवर शूटआउटमध्ये २-१, शेवटी स्वीडनकडून १-२. गटातून तीन संघ पुढे जाणार होते, चीन चौथा. एकूण दहांत नववा. चार सामन्यांत सात गोल खाल्ले, ही काही थट्टा नाही. तुलनेसाठी, २०१० ला व्हँकुव्हरमध्ये एकट्या अमेरिकेनं बारा मारले होते. निकाल १-१२, म्हणजे २००२ ला होता तोच, आकडाही हलला नाही. अर्थात बीजिंगला अमेरिका-कॅनडा वरच्या गटात होते, चीनशी त्यांची गाठच पडली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि चार सामन्यांत सात गोल का, तर न्यूएल गोलमध्ये होती म्हणून. हिमकण, हा घास तुमच्यासाठी.

हिमकण

घेतला!

मला त्या संघात सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते कर्णधार यू बाइवेइचं. बचावफळीतली, जन्म १९८८, हार्बिनचीच. २०१० च्या व्हँकुव्हरच्या संघात होती. मग दोन ऑलिंपिक चीन नाहीच. माणूस सोडून देतो अशा वेळी. ही थांबली. शेनझेनच्या क्लबातून कॅनडाची लीग खेळली, रशियाची खेळली आणि बारा वर्षांनी घरच्या ऑलिंपिकमध्ये कर्णधार म्हणून उतरली, तेही अशा संघाची जिथे निम्म्या जणींशी ड्रेसिंग रूममध्ये बोलायचं तर मध्ये कुणीतरी लागत असेल. ग्वो होंगच्या वाट्याला एकसंध संघ आणि चढता काळ आला. हिच्या वाट्याला मधली सगळी ओसाडी. कारकीर्द म्हणून मला कुणाची मोठी वाटते हे ठरवता येत नाही.

हार्बिनरिटर्न

यू बाइवेइची. डोळे झाकून.

द्रविडभक्त

मी भिंतीच्या बाजूनं. सांगायला नको.

सिंधूकाठ

धाग्याचा विषय चीन आहे, पण लडाखचा उल्लेख आल्याशिवाय राहवत नाही. आपल्या महिला संघात बहुतेक मुली लडाखच्या. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१६ ला तैपेईत, त्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपीन्सला ४-३ हरवून पहिला विजय. २०२५ ला संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये महिला आशिया चषकात कांस्य. चीन, जपान, कझाकस्तान या स्पर्धेत नसतात, त्यांचा स्तर वेगळा आहे, हे मान्य करूनच आनंद मानायचा.

मी कामानिमित्त लेहला राहिलोय. नैसर्गिक बर्फाचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बंदिस्त रिंक बांधलं, ते नंतर कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. हार्बिनरिटर्न यांनी लिहिलेलं पाणी मारण्याचं काम मी लेहमध्येही पाहिलंय. मुली स्वतः रात्री पाणी मारतात, पहाटे ऊन चढायच्या आत खेळून घेतात. जुने, पुरुषांच्या मापाचे स्केट, पुढे मोजे कोंबलेले. चीनकडे जे नव्वदच्या दशकात होतं ते आपल्याकडे आज आहे, एक प्रदेश, मूठभर मुली आणि थंडी. फरक एवढाच की त्यांच्यामागे क्रीडाशाळा होती.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

लडाखवर वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हिमकण, चीनचं सध्या काय चाललंय?

हिमकण

वर-खाली. २०२३ ला शेनझेनमध्ये दुसऱ्या स्तराची स्पर्धा जिंकून वरच्या गटात परतले. २०२४ ला अमेरिकेतल्या यूटिकामध्ये वरच्या गटात टिकता आलं नाही, परत खाली. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या दहा संघांत चीनला जागा मिळाली नाही. जपानला मिळाली, फ्रान्सलासुद्धा मिळाली.

बीजिंगसाठी जमवलेल्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणी आपापल्या वाटेनं गेल्या. घरच्या ऑलिंपिकसाठी ओतलेला पैसा तसाच ओतत राहणार नाहीत हे कुणालाही दिसत होतं. आता पुन्हा हार्बिन, चीचीहार आणि नव्यानं रिंक झालेल्या मोठ्या शहरांतल्या मुली. या वेळी बीजिंग, शेनझेनमधली पोरं हौसेनं शिकतायत, आईबाप फी भरतायत, हे नव्वदच्या दशकात नव्हतं. त्यातून काही निघालं तर माझा 'गोलकीपरनं झाकलं' हा सिद्धांत पुढच्या वीस वर्षांत निकालात निघेल आणि मला वाईट वाटणार नाही.

आकडेमोड

तो आजच निकालात निघालाय, पण असो.

आळशी_कासव

हे सामने बघायचे कुठे? आपल्याकडे कुठल्याही चॅनेलवर दिसत नाहीत.

बर्फातली_मावशी

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर निकाल, संघ, गोल कुणी किती मिनिटांनी मारला हे सगळं सापडतं. चालू स्पर्धा असली की आधी तिथला सामन्यांचा तक्ता बघा, वेळ आपल्या घड्याळात करून घ्या. सुरुवात जपान किंवा चेकियाच्या सामन्यानं करा, अमेरिका-कॅनडा नको. त्यांचा वेग इतका असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला पक कुठे आहे तेच कळत नाही. आणि पहिला पिरियड, म्हणजे पहिली वीस मिनिटं, फक्त गोलकीपरकडे बघा, पकच्या मागे धावू नका. ती कुठे सरकते त्यावरून पक कुठे आहे ते आपोआप समजतं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

मावशी, ऑफसाइडचंही सांगून टाका ना. दोन वेळा वाचलं, डोक्यावरून गेलं.

बर्फातली_मावशी

समोरच्या संघाच्या गोलकडची निळी रेषा दिसते ना? पक ती रेषा ओलांडून आत जायच्या आधी तुमच्या संघातली कुणी दोन्ही स्केट घेऊन आत गेली की ऑफसाइड. एक स्केट रेषेवर असेल तर चालतं. बाकी उद्या, लेकीला घेऊन निघायचंय, पॅड अजून गाडीतच ओले पडलेत.